जर्मन मुक्त शहरांवर लिहिताय? या चुका टाळा

‘कोलोन १२८८ साली मुक्त झालं.’ हे वाक्य सतत वाचायला मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. (मुक्त शहर किंवा साम्राज्याचं शहर म्हणजे स्थानिक धन्याऐवजी थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाला बांधील असलेलं शहर.) ५ जून १२८८ रोजी वोरिंगनच्या लढाईत कोलोनचे नागरिक ब्राबांटच्या ड्यूकच्या बाजूने शहराचा धनी असलेल्या आपल्याच आर्चबिशपविरुद्ध लढले. आर्चबिशप सिगफ्रीड पकडला गेला. पुढच्या आर्चबिशपांनी आपलं बस्तान बहुतांशी ब्रूल आणि बॉनला हलवलं. पण देहदंडाचा न्याय आर्चबिशपकडेच राहिला, आणि शहर थेट सम्राटाच्या अधीन असल्याचं तिसऱ्या फ्रेडरिकने रीतसर मान्य केलं ते १४७५ मध्ये. मधली १८७ वर्षं शहराचा कारभार नगरपरिषदेच्या हाती, पण दर्जा मात्र वादातला.

म्हणून शहरापुढे एकच साल टाकायचं नाही. माझी सवय तीन रकान्यांची: जुना धनी कधी हटला, सम्राटाकडून मान्यता कधी मिळाली, आणि त्या धन्याने ती कधी कबूल केली. तिसरा रकाना भरायचा नवशिक्यांना कंटाळा येतो, आणि तिथेच ते फसतात. हॅम्बुर्गला साम्राज्यसभेने १५१० मध्ये साम्राज्याचं शहर ठरवलं. शहरावर दावा सांगणाऱ्या डेन्मार्कने हक्क सोडला १७६८ मध्ये!

दुसरी चूक म्हणजे एकदा मिळालेला दर्जा कायमचा धरणं. माइन्झने १२४४ मध्ये मिळवलेली मोकळीक १४६२ मध्ये आर्चबिशपने हिसकावली. एगर (आजचं चेब) १३२२ मध्ये राजा (पुढे सम्राट) लुडविगने बोहेमियाच्या राजाकडे गहाण टाकलं, ते कधीच सोडवलं गेलं नाही. डोनाउवोर्थची गोष्ट याहून बोलकी. तिथे कॅथलिक मिरवणुकीवरून दंगा झाला, १६०७ मध्ये सम्राटाने शहराला बहिष्कृत केलं (म्हणजे कायद्याचं संरक्षण काढून घेतलं), आणि ती शिक्षा बजावायला आलेल्या बव्हेरियाच्या माक्सिमिलियनने मोहिमेचा खर्च वसूल होईपर्यंत म्हणून शहर ठेवून घेतलं. खर्च फिटला नाही, शहर गेलं. १७०५ मध्ये दर्जा परत मिळाला, १७१४ मध्ये पुन्हा गेला. नकाशावर एका रंगाचा ठिपका देऊन मोकळं होणाऱ्यांनी हे ठिपक्यात कसं बसवायचं ते सांगावं.

बाकीच्या थोडक्यात. हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाचं सदस्यत्व म्हणजे साम्राज्याचं शहर नव्हे: रोस्टॉक हान्सात होतं, पण मेक्लेनबुर्गच्या राजवटीखाली, न्यूर्नबर्ग साम्राज्याचं, पण हान्साबाहेर. १५२१ ची साम्राज्ययादी सैन्य आणि पैसा वसूल करण्यासाठी होती, दर्जाचा दाखला म्हणून ती वापरू नका. स्वशासन म्हणजे लोकशाही, हेही विसरा. न्यूर्नबर्गमध्ये १३४८-४९ चं बंड मोडल्यावर कारागिरांना स्वतःचे संघ काढायलाही बंदी होती आणि परिषद मोजक्या घराण्यांच्या मुठीत.

आणि ‘१८०३ मध्ये सगळं संपलं’ असं लिहू नका. त्या साली साम्राज्याची बहुतेक शहरं आसपासच्या संस्थानांत विलीन झाली, पण सहा उरली होती: ऑग्सबर्ग, न्यूर्नबर्ग, फ्रँकफर्ट, ब्रेमेन, हॅम्बुर्ग, ल्युबेक. फ्रँकफर्ट १८६६ मध्ये प्रशियाने गिळलं, ल्युबेकचं वेगळेपण १९३७ पर्यंत टिकलं. ब्रेमेन आणि हॅम्बुर्ग आजही जर्मनीतली वेगळी घटकराज्यं आहेत.