समुपदेशकाची पाटी वाचून थांबू नका

भाच्याला घेऊन लातूरला एका समुपदेशकाकडे गेले होते. नीट परीक्षेच्या धास्तीने लेकराची झोप उडालेली. भिंतीवर सोनेरी चौकटीतली पाच प्रमाणपत्रं होती. जवळ जाऊन तारखा वाचल्या, तर चार नुसत्या दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांची!

आपल्याकडे ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतं. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, पदवी कोणती, कुठल्या विद्यापीठाची? ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव व मुदत पडताळा. एमए मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केलेल्यांकडे हा क्रमांक सहसा नसतो, त्यात फसवणूक नाही. त्यांना विचारा, अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किती काळ काम केलं? प्रकरण आवाक्याबाहेर गेलं तर कुणाकडे पाठवता? चांगला माणूस या प्रश्नांवर चिडत नाही, हा माझा अनुभव.

डॉक्टर नसताना गोळ्या लिहून दिल्या, तर तिथून सरळ उठा.

आणि लेकरू जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर ही चौकशी बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.