आयडलिंगला बंद पडणारी जुनी गाडी
जुनी पेट्रोल गाडी रस्त्यावर नीट धावते, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच बंद पडते, अशी तक्रार असेल तर आयडलिंगचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू राहण्याचा) स्क्रू पिळून आरपीएम (इंजिनचे दर मिनिटाचे फेरे) वाढवण्याची घाई करू नये, कारण त्याने मूळ दोष झाकला जातो. आयडलिंगला थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप जवळपास मिटलेली असते आणि इंजिन अगदी थोड्या हवेवर चालते. म्हणूनच व्हॅक्यूमच्या (इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर चालणाऱ्या भागांना जोडणाऱ्या) रबरी नळीतील बारीकशी चीरही तेव्हा जादा हवा आत सोडून हवा-पेट्रोलचे मिश्रण बिघडवते, वेगात मात्र जाणवत नाही. ही नळी वरून धडधाकट दिसते, म्हणून इंजिन बंद व थंड असताना क्लिपजवळ ती हलकेच वाकवून खालची बाजू पाहावी. चीर तिथेच उघडते. नळ्या चांगल्या असतील तर थ्रॉटल बॉडीच्या (ती झडप बसवलेल्या भागाच्या) कडेला साचलेले काजळीचे काळे कडे त्यासाठीच्या क्लीनरने पुसावे. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेल्या) गाडीत आयडल जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग, तुंबलेला असण्याचा संभव अधिक. दुरुस्तीनंतर तापलेले इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर स्थिर राहायला हवे, तथापि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.