गाडी पुसताना ओरखडे पडतात? या चुका टाळा

गाडी धुऊन उन्हात काढली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. शिव्या बसतात शाम्पूला, पण कित्येकदा खरा गुन्हेगार हातातला फडका असतो. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. फडक्याखाली वाळूचा एक कण सापडला तरी रेघ उमटते.

त्यामुळे पुसायला पाणी उरलंच कमी तर निम्मं काम झालं. शेवटी पाइपचं नोझल काढा आणि टपावरून संथ धार सोडा. फवाऱ्याने हजार थेंब मागे राहतात. संथ धारेबरोबर पाणी चादरीसारखं सरकत खाली उतरतं.

जुना बनियन किंवा अंग पुसायचा टॉवेल नको. शॅमॉयचा, म्हणजे मऊ कातड्याचा, गुळगुळीत तुकडा पाणी छान शोषतो, पण त्याला लव नसते, म्हणून कण रंगावरच घासला जातो. जाड, लांब लवेचा मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचा फडका घ्या. कडेचं लेबल कापून टाका. तो पत्र्यावर पसरा, वरून हलकं थोपटा, उचला. ओढायचाच असेल तर त्याच्या स्वतःच्या वजनाने, सरळ. जोर लावून गोल गोल फिरवणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय.

टप, काचा, बॉनेट आधी; दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, तेही वेगळ्या फडक्याने. चाकांचा फडका तर तिसराच. फडका जमिनीवर पडला? झटकून परत वापरू नका. तो धुवायलाच जातो, मग कितीही जीवावर आलं तरी.

हे फडके सुती कपड्यांबरोबर धुतले की त्यांचे धागे लवेत अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनरही नको, त्याने फडका पाणी प्यायचाच थांबतो.

गाडी पुसून झाल्यावर आरशाच्या खाचेतून ओघळ येतोच. दारं एकदा उघडून-मिटून घ्या, तो ओलसर फडक्याने टिपा.

उन्हात पाणी वाळून पांढरे डाग पडले असतील तर कोरडे खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेला फडका सावलीत, गार पत्र्यावर मिनिटभर टेकवा, मग भरपूर पाण्याने धुवा. आणि रेघेवरून नख फिरवताना ते अडकलं, तर घरच्या पॉलिशने ती जाणार नाही.