रॅलीसाठी मारुती १३०० चं इंजिन घरी बांधताना: आधी बेअरिंगची फट मोजा

एस्टीम किंवा जिप्सीचं १३०० सीसी, सोळा व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन घरच्या शेडमध्ये व्यवस्थित बांधता येतं. रॅली ऑफ महाराष्ट्रमध्ये या दोन्ही गाड्या वर्षानुवर्षं पळाल्या, त्यामुळे नाशिकमध्ये हे इंजिन कुणाला नवं नाही. बोअरिंग (सिलिंडर मोठा करणं), क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग (हेडचं तोंड सपाट करणं) एवढंच बाहेर द्यावं लागतं, आणि ते करणारी वर्कशॉप सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. बाकी सगळं तुमच्या टेबलावर होतं.

इंजिन उतरवणं, खोलणं, धुणं यावर मी वेळ घालवत नाही. एवढंच पाळा: मेन कॅप (क्रँक ब्लॉकला धरून ठेवतात त्या) आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर खुणा असतील त्या टिपून घ्या, नसतील तर खोलण्याआधी करा. कुठलीही कॅप दुसऱ्या जागी किंवा उलटी बसता कामा नये.

फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि कॅमचे पैसे सध्या बाजूला ठेवा. आधी २५ ते ५० मिमीचा, ०.००१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर, डायल बोअर गेज (भोकाचं आतलं माप घेणारा) आणि तपासून घेतलेला टॉर्क रेंच मिळवा. विकत जमत नसेल तर भाड्याने किंवा ओळखीच्या टूलरूममधून आणा. यांच्याशिवाय इंजिन बांधायला बसू नका.

सिलिंडर

या इंजिनाचा बोअर ७४ मिमी आणि स्ट्रोक ७५.५ मिमी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचे. बोअर ओव्हल (अंडाकृती) किंवा टेपर (वरखाली कमी-जास्त) झाला असेल तर ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन आधी हातात घ्या आणि तेच पिस्टन वर्कशॉपला देऊन त्यांच्या मापाने बोअर करून घ्या. आधी बोअर आणि मग पिस्टन, हा क्रम चुकीचा आहे. वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट या बोअरला ०.३० मिमीच्या आसपास ठेवा, दुसऱ्या रिंगची थोडी जास्त.

होनिंगनंतर (बोअरला बारीक रेघा पाडल्यावर) ब्लॉक पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊन थांबू नका. होनिंगची बारीक रेती त्याने निघत नाही, रेघांमध्येच बसते आणि पहिल्या तासात रिंगा खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण, ब्रश. पांढरा कपडा बोअरमध्ये फिरवून पांढराच बाहेर येईपर्यंत. लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात लायनर बघता बघता गंजतो, म्हणून तेलाचा डबा धुण्याआधीच शेजारी उघडून ठेवा.

मेन आणि बिग एंड

घरी बांधलेली इंजिनं निकामी होतात ती बहुतेक इथेच, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

मेन बेअरिंगमध्ये क्रँक ब्लॉकमध्ये फिरते, बिग एंडला कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडलेला असतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलाचा थर राहील एवढी फट हवी. जी१३ ला मेन बेअरिंगची फट ०.०२० ते ०.०४० मिमी, जास्तीत जास्त ०.०६०. बिग एंडला ०.०२० ते ०.०५०, जास्तीत जास्त ०.०८०. जोरात पळवायच्या इंजिनाला मी मेन ०.०३५ च्या आणि बिग एंड ०.०४० च्या आसपास ठेवतो. त्यापेक्षा ढिलं नको. ‘रेसिंगचं इंजिन ढिलं बांध आणि जाड तेल टाक’ हा सल्ला या ब्लॉकला तर अजिबात चालत नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून इंजिन तापलं की मेनची फट आपोआप वाढते. थंड असतानाच ढिलं ठेवलं तर घाट चढून आल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो.

‘हाताने फिरवून बघ, सुळसुळीत फिरली की झालं’ हेही ऐकू नका. ०.०३ आणि ०.०८ मधला फरक हाताला कळत नाही.

मापायची पद्धत अशी. क्रँक, ब्लॉक, रॉड, बेअरिंग आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी लवकर मापा. एप्रिल-मेमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. उन्हातून आणलेली क्रँक पंधरा अंशांनी जास्त गरम असेल तर ४५ मिमीचं मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) आठ मायक्रॉन (०.००८ मिमी) जाड भरतं, आणि आपण तर वीस मायक्रॉनच्या पट्ट्यात काम करतोय. मायक्रोमीटर मुठीत धरून ठेवू नका, स्टँडवर लावा.

प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मापा. पाच मेन, चार बिग एंड. सगळे आकडे वहीत. बिग एंडचं जर्नल मुळात ४२ मिमीचं असतं. आता कोरडे, स्वच्छ बेअरिंग शेल (बेअरिंगचे पातळ, अर्धगोल भाग) ब्लॉकमध्ये बसवा, कॅप लावा आणि तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कला, तीन टप्प्यांत, मधल्या कॅपपासून बाहेर जात कसा. शेलच्या पाठीला तेल नको, कचरा तर नकोच. पाठीमागे अडकलेला एक केसही शेल आत ढकलतो. बोअर गेज त्याच मायक्रोमीटरमध्ये धरून शून्य करा, म्हणजे मायक्रोमीटरची स्वतःची चूक दोन्ही मापांत सारखी येते आणि वजाबाकीत निघून जाते. मग आतलं माप कॅपच्या जोडाला काटकोनात, म्हणजे उभं घ्या. जोडापाशी शेल मुद्दाम पातळ केलेला असतो, तिथलं माप नेहमी ढिलं येतं आणि चांगलं बेअरिंग उगाच परत जातं.

शेलच्या आत ४५.०३० आणि जर्नल ४४.९९४, म्हणजे फट ०.०३६. उत्तम.

चार मेनला ०.०३५ आणि तिसऱ्याला ०.०६२ आले, तर लगेच नवा सेट आणायला पळू नका. आधी त्या शेलची पाठ आणि बसण्याची जागा पुसून पुन्हा कसा. तरी तेच आलं तर तिसरीचे शेल दुसरीत आणि दुसरीचे तिसरीत घालून मापा. आकडा शेलबरोबर गेला तर शेलचा दोष. आकडा जागेवरच राहिला तर जर्नल किंवा ब्लॉकचा बोगदा (शेल बसतो ते गोल भोक) बिघडलाय. वहीतली जर्नलची मापं बघितली की कोणता ते कळतं. या इंजिनाला कंपनीने मेनचे शेल रंगांच्या खुणांनी वेगवेगळ्या जाडीचे दिलेले आहेत. थोडाच फरक असेल तर पुढच्या जाडीचा रंग बसवून सुटतो. जर्नलवर नखाला लागणारी रेघ असेल किंवा ओव्हल आली असेल तर ०.२५ अंडरसाइझला ग्राइंड. ग्राइंडरला दोन गोष्टी ठणकावून सांगा: जर्नलच्या कडेची गोलाई होती तशीच राहिली पाहिजे, कारण तिथे तीक्ष्ण कोपरा झाला की क्रँक तिथूनच तुटते, आणि ऑइल होलच्या तोंडाची धार मोडून पॉलिश झालं पाहिजे. क्रँक परत आली की ऑइलच्या वाटा बारीक ब्रशने साफ करा आणि सगळं पुन्हा मापा. पावतीवर ०.२५ लिहिलंय हा पुरावा नाही.

आता कॅप घासण्याबद्दल. फट जास्त आली की कॅपची तोंडं पॉलिश पेपरवर घासायची किंवा शेलमागे कागद घालायचा, हे अजूनही बिनदिक्कत सुचवलं जातं. व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) खरडून बसवायच्या जुन्या इंजिनांच्या काळात त्याला अर्थ होता. इथे शेल पातळ आहे आणि कॅप कसल्यावर तो दाबला जाऊनच बोगद्यात घट्ट बसतो. कॅप घासली की बोगदा अंडाकृती होतो, शेल वरखाली घट्ट आणि बाजूला ढिला राहतो आणि तेलाचा थर तुटतो. कागद घातला तर शेलची उष्णता ब्लॉकला जात नाही. दोन्ही प्रकारांत शेवटी शेल फिरतो आणि ब्लॉक कामातून जातो. हे करू नका, आणि कुणाला तुमच्या इंजिनावर करूही देऊ नका.

प्लास्टिगेज (चेपलेल्या रुंदीवरून फट दाखवणारी बारीक प्लास्टिकची पट्टी) चांगलं आहे, पण खात्री करून घेण्यापुरतं. हिरवी पट्टी वापरा, ती ०.०२५ ते ०.०७६ मोजते. ब्लॉक उलटा ठेवा, सगळं कोरडं, आणि पट्टी आत असताना क्रँक जराही फिरवू नका. बोअर गेजपेक्षा ०.०१ मिमीहून जास्त फरक आला तर दोन्ही मापं पुन्हा घ्या.

शेवटी तेल लावून एकेक कॅप कसा आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक फिरवा. जिच्यानंतर जड झाली, ती कॅप सोडा. क्रँकची पुढेमागे हालचाल ०.११ ते ०.३१ मिमीत हवी.

वरचं काम आणि चालू करणं

पिस्टन, हेड, टायमिंग बेल्ट हे मॅन्युअल उघडं ठेवून नीट होतं. रिंगची खूण वर, हेड बोल्ट टप्प्याटप्प्याने, बेल्ट लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे, आणि खुणा पुन्हा जुळल्याची खात्री.

ऑइल पंपाचे गिअर पेट्रोलियम जेलीने भरा, नाहीतर पंप कोरडा फिरतो आणि तेल ओढत नाही. प्लग काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, प्रेशर स्विचच्या जागी साधा यांत्रिक गेज लावा आणि प्रेशर दिसेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर द्या. मगच प्लग घाला. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय मिळायला हवं.

नवं इंजिन रुळवायला (रनिंग-इन) म्हणून तासभर आयडलवर ठेवू नका. रिंगा दाबाखाली बसतात, आयडलवर बोअर नुसता चकचकीत होतो. तापलं, गळती नाही, की बाहेर काढा. पेठ रोडने सावळघाटापर्यंतचा रस्ता यासाठी चांगला: चढावर अर्धा-पाऊण ॲक्सिलरेटर, उतारावर गिअरमध्येच पाय काढून. साधं मिनरल तेल, पहिल्या फेरीनंतर बदला, ५०० किमीला पुन्हा. दोन्ही वेळा जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडून बघा. राखाडी धूळ चालते. नखाएवढी चमकती पापडी किंवा तांबूस झाक दिसली तर गाडी चालवू नका, सम्प (खालची तेलाची टाकी) उतरवून बिग एंडच्या कॅप उघडा.