विशीतले घोळ निस्तरायचे कसे: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

वीस ते अठ्ठावीस या वयात आपल्याकडची पोरं जे घोळ घालतात ते फिरून फिरून तेच असतात. ॲपवरनं कर्ज, क्रेडिट कार्ड, मित्राला सोसायटीत (पतसंस्थेत) जामीन, पीयूसीचे (कर्नाटकातली अकरावी-बारावी) नाहीतर इंजिनिअरिंगचे राहिलेले विषय, पुण्याची किंवा बेंगळुरूची नोकरी न सांगता सोडून परत गावात. यातलं न निस्तरण्यासारखं काही नाही, पण सहा महिने कुणाला न सांगता दाबून ठेवलं की व्याज चढतं, फॉर्मची तारीख जाते आणि मग खरंच अंगाशी येतं. म्हणून आधी एक वही घ्या आणि कुणाचे किती, कधीपासून, व्याज किती, कुठला फॉर्म कधी भरायचा, सगळं लिहून काढा. वहीच घ्या, कारण मोबाईल उघडला की त्याच ॲपचं नोटिफिकेशन समोर.

सुरुवात पैशापासनं करा, बाकी सगळं थांबतं पण व्याज थांबत नाही. क्रेडिट कार्डावर ३०,००० बाकी आहेत आणि दर महिन्याला साडेतीन टक्के धरा, म्हणजे व्याज झालं १,०५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९, एकूण १,२३९. आता तुम्ही मिनिमम ड्यू म्हणून १,५०० भरले आणि वाटलं चला या महिन्याचं झालं, तर मुद्दलातनं गेले फक्त २६१ रुपये. वर्षभर असं भरत बसणारी पोरं आहेत. कार्ड वापरणं बंद करा, बँकेत जाऊन बाकीचा ईएमआय करून मागा, त्याचा दर बहुतेक वेळा कमी पडतो. घरात सोनं असेल तर गोल्ड लोन काढून कार्ड फेडणं हे सुद्धा वाईट नाही, फक्त आईला विचारून, कपाटातनं गुपचूप नाही.

बँक म्हणेल सेटलमेंट करा, निम्म्यात मिटवू. ऐकायला गोड लागतं, पण सिबिलच्या (कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी कंपनी) रिपोर्टात 'सेटल्ड' असं पडतं आणि पुढं घराचं लोन मागायला गेलं की मॅनेजर तेच बोट ठेवून दाखवतो. जमत असेल तर हप्ते पाडून पूर्ण भरा, 'क्लोज्ड' करून घ्या आणि नो ड्यूचं (काही बाकी नसल्याचं) पत्र घेतल्याशिवाय ब्रँचमधनं बाहेर पडू नका. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० असतो, आणि अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडनं वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका.

लोन ॲपचं वेगळं. एका ॲपचं फेडायला दुसऱ्या ॲपचं घ्यायचं नाही, हा एक नियम पाळला तरी अर्धं काम झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ॲपला तुमची काँटॅक्ट लिस्ट आणि फोटो बघायची परवानगी नाही, वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. फोटो एडिट करून नातेवाईकांना पाठवतो अशी धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा, पोलीस स्टेशनला जा. मायक्रोफायनान्सवाले दारात येऊन तमाशा करत असतील तर त्या दादागिरीविरुद्ध कर्नाटकात २०२५ मध्ये कायदा झालाय, हे त्यांना शांतपणे सांगा. पैसे गेमिंगमध्ये गेले असतील तर ते विसरा. तेच परत मिळवायला अजून लावणं हाच खरा खड्डा, आणि आता तर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशाच्या ऑनलाईन गेमवर बंदीच आहे.

जामिनाचं जरा नीट वाचा कारण आपल्याकडं गल्लोगल्ली सोसायट्या आणि मैत्रीखातर सही करायची रीत. 'नुसती सही कर की मर्दा' म्हणून नेतात. कायद्यात जामीनदार आणि कर्जदार दोघांची जबाबदारी सारखीच, सोसायटी आधी कर्जदाराकडं जाईल आणि मग तुमच्याकडं असं काही नाही. मित्रानं हप्ते थकवले असतील तर सोसायटीत जाऊन खात्याचा उतारा मागा, किती थकलंय ते बघा, मित्राला घेऊन जाऊन हप्ते पाडून घ्या आणि तसं लिहून घ्या. तुम्हाला भरावं लागलंच तर प्रत्येक पावती जपून ठेवा, भरलेले पैसे त्याच्याकडनं वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, दोस्ती राहो न राहो.

घरी सांगणं हे बहुतेकांना कर्जापेक्षा जड जातं. जेवताना नको, पाहुण्यांसमोर नको. वहीचं पान समोर ठेवा आणि सरळ म्हणा, 'बाबा, ओरडा नंतर, आधी हे बघा, एवढे देणं आहे आणि महिन्याला एवढे मी भरू शकतो.' आकडा एकदाच आणि पूर्ण सांगा. आज चाळीस हजार म्हणायचं आणि पंधरा दिवसांनी अजून वीस निघायचे, यानं माणूस खरा बिथरतो. बाबांशी अगदीच बोलणं होत नसेल तर मामाला मध्ये घ्या, मामा हा त्यासाठीच असतो.

शिक्षणाचं थोडक्यात. पीयूसीला आता वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होतात, त्यामुळं वर्ष गेलं म्हणून रडायचं कारण नाही. इंजिनिअरिंगचे बॅक (राहिलेले विषय) असतील तर कोर्स पूर्ण करायची कमाल मुदत कॉलेजच्या ऑफिसात विचारा, आणि एका वेळी सगळे विषय घेऊ नका. अजिबात मन लागत नसेल तर आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) लागलेली पोरं काही कमी नाहीत, हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे पार्ट बनतात तिथंही हात चालणारा माणूस लागतोच. गल्लीत 'काय करूलास सध्या?' विचारणाऱ्यांना काहीही सांगा.

नोकरी न सांगता सोडली असेल तर आधी एचआरला साधा मेल टाका, सामान-लॅपटॉप परत करतो, नोटीसचं काय ते सांगा, रिलीव्हिंग लेटर द्या. बरेच जण देतात. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली नसेल तर दोन महिन्यांनंतर तुम्ही स्वतः पीएफच्या यूएएन (तुमचा पीएफ नंबर) पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं टाकू शकता.

शेवटचं कन्नड. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असू दे, पण शाळेत टाळलेलं कन्नड पंचविशीत नडतं, राज्य सरकारच्या भरतीत कन्नडचा पेपर असतो आणि कोर्टाची नोटीससुद्धा बऱ्याचदा कन्नडातच येते. आधी वाचायला शिका, बसच्या पाट्यांपासनं सुरू करा, अक्षरं थोड्या दिवसांत बसतात. तोवर घरी कन्नड नोटीस आली तर पोस्टमननं सांगितलं म्हणून सही करून फडताळात टाकू नका, त्याच दिवशी वाचून घ्या आणि तारीख वहीत लिहा. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं जा, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग लोकांना तिथं उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, बाकी बऱ्याच जणांना उत्पन्नाची मर्यादा वगैरे बघतात. थकलेल्या कर्जाचं प्रकरण असेल तर लोक अदालतीत घ्या म्हणून तिथंच अर्ज द्या.