पुरस्काराची फाइल पहिल्या बातमीपासून

मला पुरस्कार हवा आहे. आमच्या कार्यालयात हे मी उघडपणे बोलते आणि नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींनाही सांगते, की ही इच्छा मनात दाबून ठेवू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीदाराच्या हातात महिन्याला काय पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तालुक्याच्या वार्ताहराला तर बातमीबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात. घरचे भरतीचा फॉर्म पुढे सरकवत राहतात. अशा वेळी आपलं काम कुणीतरी बारकाईने वाचलं, त्याचं मोल केलं, एवढं कळलं तरी या व्यवसायात टिकायला बळ येतं.

शिवाय नाव होणं ही आमच्यासारख्यांच्या सुरक्षेचीही बाब आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारीशे यांना गाडीने चिरडून मारण्यात आलं. रिफायनरीच्या प्रश्नावर ते सातत्याने लिहीत होते. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्येच कायदा केला होता, तरीही हे घडलं. पुरस्कारामुळे असा हल्ला टळतो असं मी म्हणत नाही. पण ज्याचं नाव मुंबई-पुण्यात माहीत असतं, त्याला धमकी आली की चार ठिकाणांहून लगेच फोन फिरतात. तालुक्यातल्या अनोळखी वार्ताहरासाठी ते फिरायला फार वेळ लागतो.

आता कामाचं. पहिली अडचण नावाचीच येते. जिल्हा पानावरच्या बहुतेक बातम्या ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ म्हणून छापल्या जातात. प्रवेशिका भरताना मात्र हे लेखन तुमचंच आहे हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणून विशेष बातमी असेल तेव्हा आवृत्तीप्रमुखांना आधीच विचारा, ‘सर, याला बायलाइन मिळेल का?’ बायलाइन म्हणजे बातमीवर तुमचं नाव; न मागता ती क्वचितच मिळते. कॉपी मेलवर पाठवा, म्हणजे तारीख-वेळेसह तुमच्याकडे नोंद राहील. बायलाइन मिळाली नाही, तर संपादकांच्या सहीचं पत्र त्याच महिन्यात घेऊन ठेवा. वर्षभरात संपादक बदलतात, तुम्हीही दुसरीकडे गेलेले असता, आणि मग जुन्या कार्यालयातून असं पत्र मिळवणं जिकिरीचं होतं.

मी मराठवाड्यात काम करते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की आमच्या पानावर ठरावीक बातमी जाते: इतकी गावं, इतक्या वाड्या, इतके टँकर. आकडे टंचाई शाखेतून येतात आणि तसेच छापले जातात. एकदा ते आकडे घेऊनच मी एका वस्तीवर गेले. कागदावर रोज तीन खेपा होत्या. विहिरीच्या कडेला बसलेल्या आजी म्हणाल्या, ‘येकच येतंय बाई, दुपारच्याला. बाजाराच्या दिवशी ते बी न्हाई.’

बाजाराच्या दिवसाचा हा धागा मी धरून ठेवला. परत आल्यावर आधी साधी बातमी दिली, वस्तीवरच्या लोकांच्या तक्रारीची. मग पंचायत समितीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. नव्यांसाठी सांगते: जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर जोडपत्र ‘ब’मध्ये पहिलं अपील करायचं, त्याला २० रुपये. अर्जात ‘टँकर घोटाळ्याची माहिती द्या’ असं लिहू नका. अमुक गाव, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, खेपांच्या नोंदवहीच्या प्रती, टँकरच्या जीपीएसचा अहवाल आणि ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती, असं नेमकं मागा.

कागद हातात आले तेव्हा बाजाराच्या प्रत्येक दिवशी तीन-तीन खेपा लिहिलेल्या होत्या. खाली गावातल्या एका बाईची सही होती. ती सही घेऊन मी तिच्या घरी गेले, तर ती त्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी होती. जीपीएसच्या नोंदीत टँकर त्या दिवशी जागचा हललेलाही नव्हता. अधिकाऱ्यांची बाजू घेतली, ठेकेदाराला फोन केला, त्याचं म्हणणंही जसंच्या तसं दिलं. बातमी पान एकवर अँकर, म्हणजे पानाच्या तळाची मोठी बातमी, म्हणून लागली. नावासकट.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि माझ्या मते पुरस्कार इथेच हातचा जातो. अँकर लागला, अभिनंदनाचे मेसेज आले, दुसऱ्या दिवशी नवा विषय. प्रवेशिकेच्या अर्जात मात्र एक रकाना हमखास असतो, बातमीचा परिणाम काय झाला. तो रकाना पाठपुराव्यानेच भरतो. मी गटविकास अधिकाऱ्यांच्या भेटीची बातमी केली, नंतर खेपा वाढल्याची केली. बऱ्याच महिन्यांनी ठेकेदाराच्या देयकातून न झालेल्या खेपांची रक्कम कापली गेली. तेव्हा पाऊस पडून गेला होता आणि कार्यालयात कुणाला त्यात रस उरला नव्हता. ती बातमी आतल्या पानावर सिंगल कॉलम लागली. माझ्या फाइलमध्ये सगळ्यांत वजनदार कात्रण तेच आहे.

मोठं उदाहरण हवं असेल तर बीडचं घ्या. ऊसतोड मजूर महिलांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये बातम्या आल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली, पाहणी झाली, शिफारशी झाल्या. वस्त्यावस्त्यांवर कुजबुजत बोलली जाणारी गोष्ट विधिमंडळात बोलली गेली. परिणाम म्हणतात तो हा, आणि त्याचा प्रत्येक टप्पा तारखेसह दाखवता येतो.

फाइल कशी ठेवायची ते थोडक्यात. बातमी लागली त्याच दिवशी ई-पेपरचं पूर्ण पान पीडीएफ करून ठेवा, ज्यात दैनिकाचं नाव, आवृत्ती आणि तारीख दिसेल. लिंकवर विसंबू नका, काही काळाने ती उघडत नाही. छापील अंकाच्या दोन-तीन प्रती बाजूला काढा. नोंदवह्या फेकू नका. आलेली पत्रं, नोटिसा, खुलासे, सगळं एका पाकिटात. आणि प्रत्येक मोठ्या बातमीबद्दल त्याच आठवड्यात दोन परिच्छेद लिहून ठेवा: विषय कसा सुचला, अडथळे काय आले, कागद कुठून मिळाले, पुढे काय झालं. वर्षअखेरीला हे आठवत नाही आणि मग अर्जात ‘समाजाला न्याय मिळवून दिला’ छापाची वाक्यं येतात. परीक्षक अशी वाक्यं रोज वाचतात. त्यांना तारीख, गाव आणि कागद द्या.

पाठवायचं कुठे? सुरुवात जिल्हा माहिती कार्यालयापासून करा. राज्य सरकारच्या उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कारांत राज्यस्तरावर बाळशास्त्री जांभेकर पुरस्कार आहे, आणि विभागवार वेगळे पुरस्कार आहेत: मुंबईला आचार्य अत्रे, पुण्याला नानासाहेब परुळेकर, कोल्हापूरला ग. गो. जाधव, आमच्याकडे अनंतराव भालेराव. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक असलेल्या भालेरावांचं नाव मराठवाड्यातल्या बातमीदाराला काय वाटतं, ते इथे काम केल्याशिवाय कळायचं नाही. सरकारवर टीका करणाऱ्या बातमीला सरकारी पुरस्कार कसा मिळेल, असं मला नेहमी विचारतात. मी म्हणते, पाठवून तर बघा. न पाठवलेल्या बातमीला कुणीच पुरस्कार देत नाही.

राष्ट्रीय पातळीवर प्रेस कौन्सिलचे पुरस्कार १६ नोव्हेंबरला, राष्ट्रीय पत्रकार दिनी दिले जातात, त्यात ग्रामीण पत्रकारितेचा विभाग आहे. रामनाथ गोएंका पुरस्कारांत प्रादेशिक भाषांसाठी वेगळा विभाग आहे. कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’चा ग्रामीण वार्तांकनाचा पुरस्कार आहे. स्त्री-पुरुष समानतेच्या विषयांवर लिहीत असाल तर मुंबईच्या पॉप्युलेशन फर्स्ट या संस्थेचा लाडली पुरस्कार आहे. जिथे इंग्रजी भाषांतर मागतात तिथे ते डोळ्यांत तेल घालून करा, मूळ बातमीत नसलेलं एक विशेषणही त्यात घालू नका. निकाल लागल्यावर ज्यांना मिळाला त्यांच्या बातम्या शोधून वाचा. मी वाचते, आणि विषय निवडण्यापासून कागद मिळवण्यापर्यंत कितीतरी गोष्टी तिथून शिकले.

आणि पत्रकार पी. साईनाथ आहेतच. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले, वर्धा-यवतमाळच्या घराघरांत जाऊन. गावाकडच्या बातमीला कुणी विचारत नाही, असं कुणी म्हणालं की मी त्यांचं नाव घेते.

कुठे पाठवू नये, हेही स्पष्ट सांगायला हवं. जिथे पुरस्कारासाठी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘स्मृतिचिन्हाचा खर्च’ मागतात, तिथे पाठवू नका. ‘राष्ट्रीय’, ‘आदर्श’, ‘गौरव’ असे शब्द जोडलेल्या पत्रिका व्हॉट्सअॅपवर येत राहतात, एकाच कार्यक्रमात ढिगाने पुरस्कार वाटले जातात. अर्जात असे दोन पुरस्कार लिहिले की खऱ्या कामावरचाही परीक्षकांचा विश्वास उडतो.

त्याहून अवघड प्रसंग ६ जानेवारीला येतो. १८३२ मध्ये याच तारखेला ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र सुरू झालं, म्हणून आपला पत्रकार दिन. त्या आठवड्यात गावोगावी सत्कार असतात. पत्रकार संघाने केला तर मी आनंदाने जाते. पण ज्याच्या बातम्या मी करते, त्या कारखान्याच्या, बँकेच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षाच्या हातून शाल घेत नाही. नकार देताना भाषण द्यायची गरज नसते. ‘दादा, तुमच्या कारखान्याच्या बातम्या मीच बघते, तेव्हा माझं नाव यादीत नको,’ एवढं म्हटलं की समोरचा समजतो. एखादा रागावतोही. रागावू द्या.

यंदा मी टँकरची मालिका पाठवते आहे. राज्य पुरस्कारांसाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात छापून आलेलं लेखन धरतात आणि वर्ष संपल्यावर प्रवेशिका मागवल्या जातात. तेव्हा ज्यांना पाठवायचं असेल त्यांनी डिसेंबरातच कात्रणं लावून घ्या, संपादकांची सही घ्या, आणि जाहिरात निघाली की अर्जाचा नमुना जिल्हा माहिती कार्यालयातून आणा. शेवटच्या दिवशी जाऊ नका, तिथे झेरॉक्सच्या दुकानापर्यंत रांग असते.