‘स्मॉल पीस’वर भागवू नका: बारीक तुकड्यांच्या इंग्रजी शब्दांत होणाऱ्या चुका

इंग्रजी बोलताना बारीकसारीक कशालाही आपण ‘स्मॉल पीस’ म्हणून मोकळे होतो. समोरच्याला कळतं, पण खटकतं. मराठीत भिंतीचा पोपडा, कपाचा टवका आणि भाताचं शीत या सगळ्यांना कुणी ‘लहान तुकडा’ म्हटलं तर आपल्यालाही खटकेलच की! इंग्रजीतही नुसत्या आकारावर शब्द ठरत नाही. वस्तू कोणती आणि ती फुटली, सोलवटली की घासली गेली, हे आधी बघावं लागतं.

सर्वात जास्त घोळ फुटक्या वस्तूंचा. बरणी फुटून फरशीवर पसरतात ते टोकदार तुकडे ‘शार्ड्स’. त्यातलीच बारीक कपची बोटात घुसली की ती ‘स्प्लिंटर’ किंवा ‘स्लिव्हर’. लाकडाची कूस शिरली तरी ‘स्प्लिंटर’च, तिला ‘थॉर्न’ म्हणू नका, तो झाडाचा काटा. कपाच्या काठाचा नुसता टवका उडाला असेल तर कप ‘चिप्ड’ असतो, ‘ब्रोकन’ नाही. ऑनलाइन मागवलेली क्रॉकरी परत करताना तक्रारीत हा फरक नीट लिहावा. आणि इनामगावसारख्या उत्खननात निघणाऱ्या खापरांना पुरातत्त्ववाले ‘शार्ड’पेक्षा ‘शर्ड’ म्हणणं पसंत करतात. स्पेलिंगही वेगळं, त्यामुळे ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका.

शाळेत चुंबकाभोवती पसरतो तो लोहकीस म्हणजे ‘आयर्न फाइलिंग्ज’. ‘आयर्न पावडर’ हे वेगळं प्रकरण. ‘फाइल’ म्हणजे कानस, तिने घासून निघालेला तो कीस, आणि शब्द जवळजवळ नेहमी अनेकवचनीच. रंध्याखालून सुटतात त्या ‘शेव्हिंग्ज’, करवतीखाली पडतो तो भुसा ‘सॉडस्ट’.

‘डस्ट’चं ‘डस्ट्स’ करू नका. एकच कण सांगायचा तर ‘अ स्पेक ऑफ डस्ट’. ‘श्रॅपनेल्स’ही चूक. हेन्री श्रॅपनेल या ब्रिटिश तोफखान्यातल्या अधिकाऱ्याच्या आडनावावरून आलेला हा शब्द एकवचनीच वापरतात. एक तुकडा म्हणायचा असेल तर ‘अ पीस ऑफ श्रॅपनेल’. म्हणजे ‘पीस’ अगदीच टाकाऊ नाही!

कटलेट घोळवायला लागतो त्या ब्रेडच्या चुऱ्यातला ‘बी’ लिहायचा, पण बोलायचा नाही: ‘ब्रेडक्रम्ब्ज’ नव्हे, ‘ब्रेडक्रम्ज’. ‘क्रम्बल’मध्ये मात्र तोच ‘बी’ स्पष्ट ऐकू येतो. शिताला ‘अ ग्रेन ऑफ राइस’ म्हणा, पण वाण्याकडच्या कणीला ‘ब्रोकन राइस’.

राहिला ‘श्रेड’. ‘देअर इज अ श्रेड ऑफ एव्हिडन्स’ असं होकारार्थी वाक्य विचित्र वाटतं. तो शब्द बहुतेक वेळा नकाराबरोबरच शोभतो: ‘नॉट अ श्रेड ऑफ एव्हिडन्स’. बोलण्यात थोडं तथ्य आहे असं म्हणायचं असेल तर ‘अ ग्रेन ऑफ ट्रूथ’ वापरा.